शुश्रूषेची शिडी

कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या दाराशी सकाळी पाळी बदलण्याच्या वेळी घटकाभर उभे राहिले, तर एक संपूर्ण समाजव्यवस्था डोळ्यांसमोरून सरकत जाते. रात्रपाळी संपवून सफाईगार बाहेर पडतात, कक्षसेवक आणि आया आत शिरतात, अधिपरिचारिका रुग्णांच्या नोंदींची वही एकमेकींच्या स्वाधीन करतात, परिसेविका त्या वहीवरून नजर फिरवते, आणि ह्या सर्वांच्या वर कोठेतरी अधिसेविकेची खोली असते. हुद्द्यांची ही उतरंड दुरून एखाद्या शिडीसारखी दिसते. परंतु जवळ जाऊन पाहिले म्हणजे ध्यानात येते, की ह्या शिडीच्या काही पायऱ्या एकमेकींना जोडलेल्याच नाहीत. अधिपरिचारिका कालांतराने परिसेविका होऊ शकते. आया मात्र तीस वर्षे रुग्णांची उशापायथ्याशी सेवा करूनही आयाच राहते. रुग्णाच्या सहवासात जिचा अधिकात अधिक वेळ जातो, तिलाच वर चढण्याची वाट सर्वांत कमी असते.

इतर अनेक क्षेत्रांत अशी स्थिती नाही. सैन्यात शिपाई म्हणून भरती झालेला माणूस सुभेदारपदापर्यंत पोहोचतो. वाफेच्या इंजिनांच्या काळात भट्टीत कोळसा लोटणारा फायरमन पुढे स्वतः इंजिन चालवू लागत असे. तेथे कामच शिकविते आणि दीर्घ सेवा वर नेते. वैद्यकीय क्षेत्रात मात्र केवळ अनुभवाच्या बळावर माणसाला वरच्या जागी बसविता येत नाही, आणि येऊ नये, हेही तितकेच खरे. औषधाची मात्रा चुकली तर तिची किंमत तिसऱ्याच माणसाला, आणि तीही प्राणांनी, मोजावी लागते. म्हणून परिचारिकेचे शिक्षण, तिची परीक्षा आणि तिची नोंदणी ह्या तिन्ही गोष्टी कायद्याने बांधल्या आहेत. ह्या बंधनाचा एक अटळ परिणाम असा, की येथे बढतीची वाट शाळेच्या दारातूनच जाते.

आणि हे दार नोकरी करणाऱ्या स्त्रीला तीन ठिकाणी अडविते. पहिली अडचण वेळेची. शाळा पूर्ण दिवसाची हजेरी मागते, आणि घर तर दर महिन्याच्या पगारावर चालत असते. दुसरी अडचण पैशाची. शुल्क, पुस्तके आणि वसतिगृह ह्यांचा खर्च होतोच, पण त्याहून मोठा खर्च बुडालेल्या वेतनाचा असतो. तिसरी अडचण पूर्वशिक्षणाची. जिने आठवीत शाळा सोडली, तिला बारावीची अट म्हणजे एक उंच भिंतच वाटते. ह्या तिन्ही गाठी कोणत्याही एका संस्थेला सोडविता येत नाहीत. रुग्णालयापाशी रुग्ण आहेत, कक्ष आहेत, अनुभवी माणसे आहेत. परंतु पदवी देण्याचा अधिकार नाही. विद्यापीठापाशी अभ्यासक्रम आणि परीक्षा आहेत, परंतु खाटा नाहीत. शासनापाशी पैसा आणि पदे आहेत, पण प्रत्येक शिकणारीच्या घरची अडचण त्याला दिसत नाही. ती सेवाभावी संस्थेला दिसते. तिच्यापाशी पैसा बेताचाच असतो. म्हणून ज्या ज्या वेळी आरोग्यसेवेतील खालच्या पायरीवरील माणूस खरोखर वर चढला, त्या त्या वेळी ह्यांतील दोन किंवा तीन पक्षांनी एकत्र येऊन त्याच्यासाठी शिडी धरून ठेवलेली आढळते. आपल्या देशातील ह्या भागीदारीचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर त्याचा एक जुना आणि उज्ज्वल दाखला पुण्याचा आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली. रमाबाई रानडे ह्या त्या संस्थेच्या प्राण होत्या आणि गोपाळ कृष्ण देवधर त्यांचे कर्तबगार सहकारी. प्रौढ स्त्रियांना, विशेषतः विधवांना, साक्षर करून स्वतःच्या पायांवर उभे करणे हा संस्थेचा हेतू. पुढे थोड्याच वर्षांत सेवासदनातील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. येथे कामाची विभागणी कशी झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शिक्षण आणि प्रात्यक्षिक रुग्णालयाने द्यावयाचे. पण त्या आधीची अक्षरओळख, राहण्याची सुरक्षित जागा आणि लोकापवादापासून पाठराखण ही जबाबदारी सेवासदनाने घ्यावयाची. परक्या पुरुषाला स्पर्श करणारे काम म्हणून परिचर्येकडे नाक मुरडून पाहणाऱ्या त्या काळात केवळ वर्ग उघडून एकही मुलगी आली नसती. वसतिगृह आणि पाठराखण ह्या दोन गोष्टी अभ्यासक्रमाइतक्याच, किंबहुना त्याहून अधिक, मोलाच्या ठरल्या. शिडी धरून ठेवणे म्हणजे काय, ते ह्या उदाहरणावरून समजते.

अशा प्रयत्नांची व्याप्ती मात्र फार लहान होती. सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला, तेव्हा देशात सुमारे ७,००० परिचारिका असल्याचे तिने नमूद केले. म्हणजे सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येच्या पदवी शिक्षणाची महाविद्यालये सुरू झाली. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा होऊन देशभरच्या शिक्षणाला एक मोजमाप मिळाले. परंतु खेड्यांची गरज इतकी मोठी होती, की पूर्ण शिकलेल्या परिचारिकांची वाट पाहत बसणे शक्य नव्हते. म्हणून १९५१ पासून सहायक परिचारिका प्रसाविका ही दोन वर्षांच्या शिक्षणाची नवी श्रेणी निर्माण करण्यात आली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आज जिला लोक ‘आरोग्यसेविका’ किंवा नुसतेच ‘सिस्टर’ म्हणतात, ती हीच.

ह्या नव्या श्रेणीसाठी पुरेशा शिकलेल्या मुली खेड्यांत मिळणार कोठून, हा पुढचा प्रश्न होता. त्याला १९५८ साली एक कल्पक उत्तर मिळाले. दुर्गाबाई देशमुख ह्यांच्या नेतृत्वाखालील केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम सुरू केले. शाळा अर्धवट सुटलेल्या स्त्रियांना थोड्या काळात शालेय परीक्षेपर्यंत आणून पोहोचवावयाचे, म्हणजे त्या पुढे ग्रामसेविका, शिक्षिका, परिचारिका किंवा प्रसाविका होण्याच्या शिक्षणाला पात्र ठरतील, अशी ही योजना. पैसा मंडळाचा, वर्ग चालविणार स्थानिक सेवाभावी संस्था, आणि पुढचे दार परिचर्याशाळेचे. पुण्यात जे एका शहरापुरते झाले होते, त्याच तत्त्वाचा हा देशव्यापी विस्तार होता. शिडीची पहिली पायरी जमिनीपासून फार उंच असेल, तर खाली आणखी एक पायरी ठोकावी लागते, हे साधे शहाणपण त्यात होते.

शिडीच्या वरच्या भागाकडे पाहिले तर तेथील वाट जरा लवकर मोकळी झालेली दिसते. पदविका घेऊन रुग्णालयात रुजू झालेल्या परिचारिकेला पदवी मिळविता यावी, म्हणून १९६३ साली त्रिवेंद्रम येथे दोन वर्षांचा पदविकोत्तर पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. ज्यांना दोन वर्षांची रजा मिळाली, त्यांनी त्याचा लाभ घेतला. पण रजा थोड्यांनाच मिळते. कारण एक परिचारिका शिकावयास गेली, की तिच्या कक्षातील खाटा दुसरीच्या वाट्याला येतात. ह्या अडचणीवरचा तोडगा १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने काढला. त्याने १९९४ साली परिचारिकांसाठी दूरशिक्षणाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. दोन वर्षांऐवजी किमान तीन वर्षे, पुस्तके घरपोच, ठराविक दिवशी मार्गदर्शनाचे वर्ग परिचर्या महाविद्यालयात, आणि प्रात्यक्षिक रुग्णालयात. नोकरी न सोडता शिकता येणे, हा ह्या योजनेचा गाभा. विद्यापीठ, महाविद्यालय आणि रुग्णालय असे तीन पक्ष येथे एकत्र आले, आणि शिकणारीची चूल विझली नाही.

खेड्यातील आरोग्यसेविकेची कथा मात्र निराळी आहे. १९७३ साली कर्तारसिंग समितीने सुचविल्याप्रमाणे निरनिराळ्या रोगांसाठीचे निरनिराळे कर्मचारी एकत्र करून बहुउद्देशीय आरोग्यसेवक ही कल्पना पुढे आली. त्यात आरोग्यसेविकेवरचे काम वाढत गेले. प्रसूती, लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप, क्षयरोग आणि ह्या सर्वांच्या नोंदवह्या तिच्याकडे आल्या. तिच्या बढतीची एक वाट आखलेली आहे: काही वर्षांच्या सेवेनंतर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन तिने आरोग्य सहायिका व्हावयाचे. वाट चांगली आहे, पण तिचे गणित पाहावे. सपाट प्रदेशात सुमारे ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे मान्य प्रमाण. म्हणजे सहा उपकेंद्रांतील सेविकांवर देखरेख करावयास एक सहायिका. सहाही जणी सारख्याच कर्तबगार निघाल्या, तरी जागा एकीलाच. बाकीच्या पाच जणींनी सेवानिवृत्तीपर्यंत त्याच उपकेंद्रात, त्याच पदावर राहावयाचे. परिचर्येची पदविका घ्यावी म्हटले तर नोंदणीकृत आरोग्यसेविकेला तेथे प्रवेश मिळतो, हे खरे. परंतु पुढची तीन वर्षे पहिल्या दिवसापासून शिकावे लागते. शेकडो बाळंतपणे केलेली बाई आणि नुकतीच बारावी झालेली मुलगी एकाच बाकावर बसतात.

ह्या गणितातून एक महत्त्वाचा बोध मिळतो. प्रशिक्षण हे बढतीचे साधन आहे. परंतु वरचे पदच नसेल, तर कितीही प्रशिक्षण दिले तरी त्यातून बढती निर्माण होत नाही. प्रमाणपत्र भिंतीवर लागते, आणि ती स्त्री मात्र होती तेथेच राहते.

औपचारिक शिक्षणाच्या अटींबद्दल पुनर्विचार करावयास लावणारे दोन प्रयोग महाराष्ट्रातच झाले. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आता तो जिल्हा अहिल्यानगर ह्या नावाने ओळखला जातो. तेथे गावोगावच्या स्त्रिया निवडून त्यांना आरोग्याचे शिक्षण देण्यात आले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित कुटुंबांतील होत्या. प्रकल्पाच्या केंद्रात पुन्हा पुन्हा यावयाचे, शिकावयाचे, आपल्या गावी जाऊन ते करून पाहावयाचे आणि अडचणी घेऊन परत यावयाचे, अशी त्यांची शाळा. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुसरा प्रयोग गडचिरोली जिल्ह्यातील. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ ह्या संस्थेने ३९ गावांत ‘आरोग्यदूत’ स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे आणि जंतुसंसर्ग ओळखून त्यावर उपचार करण्याचे शिक्षण दिले. दर हजार जन्मांमागे सुमारे ६२ असलेला नवजात मृत्युदर तीन वर्षांत सुमारे २५ पर्यंत खाली आला. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ साली घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची योजना राष्ट्रीय कार्यक्रमात घेण्यात आली. शालेय शिक्षण थोडे असले, तरी काळजीपूर्वक शिकविल्यास आणि सतत पाठीशी उभे राहिल्यास माणूस अत्यंत नाजूक काम अचूकपणे करू शकतो, हे ह्या दोन प्रयोगांनी दाखवून दिले.

छत्तीसगडमध्ये २००२ साली शासन आणि सेवाभावी संस्था ह्यांच्या सहकार्याने ‘मितानिन’ योजना सुरू झाली. मितानिन म्हणजे जिवाभावाची सखी. तिच्या अनुभवाचा लाभ घेऊन १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ स्वयंसेविकेची योजना आखण्यात आली. सुमारे हजार लोकवस्तीमागे एक आशा, आणि ती त्याच गावची रहिवासी. आज त्यांची संख्या देशभरात दहा लाखांच्या आसपास आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरव झाला, पण हुद्द्याच्या दृष्टीने पाहता आशा ही शिडीवर नसून शिडीच्या पायथ्याशी उभी आहे. ती नोकर नाही, स्वयंसेविका आहे. तिला वेतन नाही, कामाप्रमाणे मोबदला आहे. तिने मिळविलेल्या ज्ञानाला पुढच्या शाळेत काय किंमत, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित होता.

त्याला तीन बाजूंनी उत्तरे शोधण्यात आली. पहिले उत्तर देखरेखीच्या पदाचे. महाराष्ट्रात ‘गटप्रवर्तक’ म्हणून ओळखली जाणारी कार्यकर्ती सुमारे वीस आशांना मार्गदर्शन करते. अनुभवी आशेला जवळची अशी ही पायरी. दुसरे उत्तर प्रमाणपत्राचे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या सहकार्याने आशांची परीक्षा घेऊन त्यांच्या कौशल्याला अधिकृत मान्यता देण्याची व्यवस्था करण्यात आली. आरोग्य खात्याने शिकवावयाचे आणि शिक्षणसंस्थेने पारखावयाचे, ही विभागणी योग्यच होय. कारण शिकविणाऱ्यानेच आपल्या कामाला गुण द्यावेत, हे कोठेही बरे नसते. तिसरे उत्तर आरक्षित वाटेचे. काही राज्यांनी पात्र आशांना आरोग्यसेविकेच्या आणि परिचारिकेच्या प्रशिक्षणात प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. परंतु ‘पात्र’ ह्या शब्दापाशी वाट पुन्हा अडते. आठवी किंवा दहावी शिकलेल्या आशेला बारावीची अट पुरी करावयास कोणी मदत केली, तरच प्राधान्याला अर्थ. १९५८ सालच्या संक्षिप्त शिक्षणक्रमांमागचे शहाणपण येथे पुन्हा आठवावे असे आहे.

प्रशिक्षण आणि पद ह्या दोहोंची निर्मिती एकाच वेळी झाल्याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. २०१८ साली देशातील उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे ह्यांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर करण्याचे ठरले. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यातील जांगला येथे अशा पहिल्या केंद्राचे उद्घाटन झाले. २०२३ पासून ही केंद्रे ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ ह्या नावाने ओळखली जातात. पूर्वी उपकेंद्रात मुख्यतः माता आणि बालके ह्यांचीच काळजी घेतली जाई. आता तेथे रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोग ह्यांची प्राथमिक तपासणी व्हावी, नेहमीची औषधे मिळावीत आणि दूरच्या डॉक्टरांशी तेथूनच सल्लामसलत करता यावी, अशी अपेक्षा होती. हे काम सांभाळावयास उपकेंद्राच्या पातळीवर एक नवे पद निर्माण झाले. परिचर्येची पदविका किंवा पदवी असलेल्या उमेदवारांना, तसेच आयुर्वेदाच्या पदवीधरांना, सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा करून त्या पदावर येता येऊ लागले.

ह्या अभ्यासक्रमाची रचना भागीदारीच्या दृष्टीने बोलकी आहे. अभ्याससाहित्य आणि परीक्षा मुक्त विद्यापीठाची, किंवा काही राज्यांत तेथील आरोग्य विद्यापीठाची. शिकण्याची जागा जिल्हा रुग्णालयासारखी मोठी रुग्णालये. तेथील डॉक्टर आणि परिचारिका हेच शिक्षक. उमेदवारांची निवड आणि खर्चाची तजवीज राज्याच्या आरोग्य अभियानाची. उमेदवाराने त्या बदल्यात ठराविक काळ शासनाची सेवा करण्याचे बंधपत्र लिहून द्यावयाचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यासाठी केंद्र आणि पद दोन्ही तयार. ज्या परिचारिकेचे सारे आयुष्य डॉक्टरांच्या आज्ञा पाळण्यात गेले असते, तिला येथे प्रथमच स्वतःच्या निर्णयाने रुग्ण तपासावयाचा आणि स्वतःच्या जबाबदारीवर केंद्र चालवावयाचे असते.

अर्थात ह्या योजनेच्या उणिवांकडे डोळेझाक करून चालणार नाही. ही पदे बहुतांशी कंत्राटी असल्यामुळे पुढची पायरी कोणती, हा प्रश्न तेथेही उरतोच. शिवाय नव्या अधिकाऱ्याच्या येण्याने त्याच केंद्रात वीस वर्षे काम केलेल्या आरोग्यसेविकेला आपल्याहून वयाने लहान व्यक्तीच्या हाताखाली काम करावे लागते. एका श्रेणीची शिडी बांधताना दुसऱ्या श्रेणीच्या डोक्यावर छत पडणार नाही, ह्याची दक्षता घ्यावी लागते, ती ह्यासाठी.

ह्याहून लहान, पण अधिक बारकाईने घडविलेले उदाहरण तेलंगणातील आहे. २०१७ साली तेथील शासनाने हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशन ह्या प्रसूतीच्या क्षेत्रातील नामवंत संस्थेशी आणि युनिसेफशी सहकार्य करून सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी प्रसूतिशास्त्राचे अठरा महिन्यांचे प्रशिक्षण सुरू केले. पहिल्या तुकडीत ३० परिचारिका होत्या. सर्वसाधारण प्रसूती स्वतंत्रपणे, शस्त्रक्रियेचा अनावश्यक आश्रय न घेता आणि मातेचा मान राखून पार पाडणाऱ्या तज्ज्ञ प्रसाविका तयार करणे हे उद्दिष्ट. परिचारिका शासनाच्या, शिक्षक खाजगी संस्थेचे, आणि सहकार्य आंतरराष्ट्रीय संघटनेचे, अशी ही त्रिवेणी. २०१८ साली केंद्र शासनाने प्रसाविका सेवेची जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांतही दोन वर्षांचा अनुभव असलेल्या परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचेच प्रशिक्षण स्वीकारण्यात आले. येथे बढतीचा अर्थही थोडा निराळा आहे. शिडी नेहमी रुग्णाच्या खाटेपासून दूर, कार्यालयातील खुर्चीकडेच गेली पाहिजे असे नाही. उत्तम परिचारिकेला हिशेब आणि हजेरीपट ह्यांच्या मागे बसविणे हा बढतीचा एक प्रकार झाला. तिला तिच्याच कामात अधिक अधिकार, अधिक ज्ञान आणि अधिक मान देणे हा दुसरा, आणि रुग्णाच्या दृष्टीने अधिक हिताचा.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरणही पाहिले पाहिजे. कोविडच्या महासाथीत १८ जून २०२१ रोजी आघाडीवरील कार्यकर्त्यांसाठी अल्पमुदतीचे प्रशिक्षण २६ राज्यांतील १११ केंद्रांवर सुरू झाले. घरगुती शुश्रूषा, तातडीची मदत, नमुने गोळा करणे, उपकरणे हाताळणे अशा सहा प्रकारच्या कामांसाठी एक लाख तरुणांना तयार करण्याचे योजिले होते. संकटकाळी असे तातडीचे शिक्षण आवश्यकच असते. परंतु संकट ओसरल्यावर अशा प्रशिक्षिताने कोठे जावयाचे, त्या शिक्षणाचा पुढच्या अभ्यासक्रमात किती हिस्सा धरावयाचा, ह्याचे उत्तर आधीच दिलेले नसेल, तर ती शिडीची पायरी न राहता नुसतीच एक सुटी फळी होते.

अशा सुट्या फळ्या जोडण्याचे काम कायद्याचे आहे. २०२१ साली संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा मंजूर केला. प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, भौतिकोपचार अशा अनेक विभागांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या ज्या लोकांना देशपातळीवर एकसारखी नोंदणी किंवा शिक्षणाचे ठरलेले मोजमाप नव्हते, त्यांच्यासाठी तशी व्यवस्था करणे हा त्याचा उद्देश. २०२३ साली परिचर्या आणि प्रसाविका व्यवसायांसाठीही राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा झाला. कायद्याने मोजमाप ठरले, म्हणजे एका पायरीवरून दुसरीवर जाताना कोणते ज्ञान आधीच मिळाले आहे आणि कोणते मिळवावयाचे आहे, हे ठरविता येते. मात्र ह्या मोजमापाचा उपयोग दार उघडण्यासाठी होतो, की जुन्याजाणत्या माणसांना अपात्र ठरवून बाहेर काढण्यासाठी, हे अंमलबजावणी करणाऱ्यांच्या दृष्टीवर अवलंबून राहील.

पुण्याच्या सेवासदनापासून तेलंगणाच्या प्रसाविकांपर्यंतचा हा प्रवास पाहिला, म्हणजे यशस्वी योजनेची काही लक्षणे आपोआप पुढे येतात. शिकण्याचा काळ हा नोकरीचाच काळ मानून त्याचे वेतन मिळाले पाहिजे. अन्यथा ज्यांच्यासाठी योजना आहे, तेच तिच्याबाहेर राहतात. शिकावयास गेलेल्या व्यक्तीच्या जागी बदली माणूस दिला पाहिजे. नाहीतर तिच्या शिकण्याचा भार तिच्या सहकाऱ्यांवर आणि शेवटी रुग्णांवर पडतो, आणि वरिष्ठ रजा नाकारू लागतात. शिक्षणाची जागा शक्य तितकी घराजवळ हवी, कारण शिकणारी बहुधा आई असते. शिक्षणाची भाषा तिला कळणारी हवी. इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढे अडखळणारी सेविका अज्ञानी नसते. तिचे ज्ञान मराठीत, गोंडीत किंवा तेलुगूत साठविलेले असते, इतकेच. आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन त्याला श्रेय द्यावे. तो न तपासता स्वीकारणेही चूक आणि न तपासता टाकून देणेही चूक. बंधपत्र लिहून घ्यावे, पण ते दोन्ही पक्षांना बांधणारे असावे: सेविकेने सेवेचे वचन द्यावे आणि संस्थेने पदाचे. आणि शेवटी, प्रशिक्षणाचा पहिला वर्ग भरण्यापूर्वीच वरचे पद मंजूर झालेले असावे.

ह्या खर्चातून नियोक्त्याला काय लाभ, असा प्रश्न हिशेबी माणसाच्या मनात येईल. त्याचे उत्तर हिशेबातच देता येते. बाहेरून आणलेली परिचारिका दुर्गम भागात फार दिवस टिकत नाही. संधी मिळताच ती शहरात किंवा परदेशी जाते. गावातूनच वर आलेली सेविका मात्र त्या गावची भाषा जाणते, तेथील घरे जाणते, आणि तिची मुळे तेथेच असल्यामुळे ती राहते. तिच्या शिक्षणावर केलेला खर्च म्हणूनच त्या गावातच टिकून राहतो.

पण ह्या साऱ्या व्यवहाराच्या पलीकडेही एक गोष्ट आहे. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, की उपकेंद्र जगापासून तुटते. अशा रात्री एखादी अवघडलेली बाई तेथे आणली जाते. आत जी सेविका असते, तिने कधी काळी शिकलेले तेवढेच त्या रात्री त्या बाईच्या उपयोगी पडणार असते; त्याहून अधिक नाही. तिला पुढे शिकण्याची वाट मिळाली होती की नाही, हा प्रश्न तोवर केवळ तिच्या पगाराचा, हुद्द्याचा किंवा मानाचा राहिलेला नसतो. खाटेवर पडलेल्या त्या दुसऱ्या स्त्रीच्या आणि तिच्या पोटातील जिवाच्या दृष्टीने त्या एका प्रश्नावर सारे काही अवलंबून असते.